अवकाशात जाणाऱ्या पिशव्यांचे कान

लातूरला उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि माझं डोकं ठणकत होतं. मिरजेपासून समोरच्या बाकावरचे गृहस्थ असे घोरत होते की डब्यात कुणाचा डोळा लागला असेल तर शपथ. पौषाची थंडी होती. स्टेशनाबाहेर चहाच्या गाडीपाशी उभा राहून मी दोन कप लागोपाठ घेतले, तेव्हा कुठे माणसात आलो. घरून निघताना बायकोनं विचारलं होतं, "लातूर-नांदेडकडे काय बघायला चाललात?" मी म्हटलं, अवकाशात जाणाऱ्या पिशव्या. तिनं माझ्या बॅगेत गोळ्यांचं एक जादा पाकीट टाकलं.

तिचा दोष नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि ग्रहताऱ्यांचं वेड काही जात नाही. त्यात माझी पुतणी मुक्ता हैदराबादच्या एका खासगी कंपनीत इंजिनियर आहे. ही कंपनी अवकाशविमान बनवते आहे. रॉकेटच्या डोक्यावर बसून वर जायचं, पृथ्वीभोवती चारेकशे किलोमीटरवर फिरणाऱ्या स्थानकाला सामान पोचवायचं, आणि येताना साध्या विमानासारखं धावपट्टीवर उतरायचं. विमानाच्या पाठीमागे जोडायचा मालाचा एक डबा असतो. त्या डब्यात सामान खोक्यांतून जात नाही, कापडी पिशव्यांतून जातं. या पिशव्यांचा एक नमुना लातूरजवळच्या मुरुडला शिवून होत होता, आणि नांदेडला त्याची परीक्षा होती. "काका, येतोस का बघायला?" असं मुक्तानं फोनवर विचारलं आणि मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

मुरुडची एसटी अर्ध्या तासानं मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरीची कापणी चालली होती, हरभरा घाट्यांवर आला होता. काळी जमीन अशी की आमच्याकडच्या माणसाला हेवा वाटावा. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं मी कुणीकडचा, कुणाकडे चाललो, मुलं किती, सगळं विचारून घेतलं. ज्यांच्या शेडमध्ये पिशव्या शिवत होत्या त्या मन्मथअप्पांचं नाव सांगताच त्याची कळी खुलली. "बारदानवाले अप्पा? मग कुनाला इचारू नका, गाडीतून उतरला की सरळ जावा," म्हणाला. बारदान म्हणजे धान्याची पोती. इकडे आडत बाजार मोठा, त्यामुळे पोत्यांचा धंदाही मोठा. निदान होता.

मन्मथअप्पा सत्तरीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, आवाज खणखणीत. फाटकी पोती घ्यायची, ठिगळं लावून पुन्हा बाजारात द्यायची, हा त्यांच्या तीन पिढ्यांचा उद्योग. प्लॅस्टिकची पोती आली आणि दुरुस्तीला कुणी येईना. मग त्यांची धाकटी सून महानंदा हिनं त्याच पत्र्याच्या शेडमध्ये आठ मशीनं टाकून ताडपत्र्या शिवायला सुरुवात केली. बारा बायका कामाला. तयार ताडपत्र्या आल्या आणि तेही काम आटलं. लातूरला एका लग्नाला आलेल्या मुक्तानं मांडवावरच्या ताडपत्रीची शिवण पाहिली, शिवणारी कोण म्हणून चौकशी केली, आणि तिथून हा नमुन्याचा योग जुळून आला.

महानंदा पस्तिशीची असेल. बोलते कमी, हात मात्र एक क्षण रिकामे नसतात. तिनं मला चहा दिला, खुर्ची दिली आणि सरळ सांगून टाकलं की मोठ्या दिरांना ही शेड खताच्या गोदामासाठी हवी आहे. अप्पांनी संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतली होती. संक्रांत सहा दिवसांवर आली होती. नांदेडला नमुना पास झाला तर काम मिळणार आणि शेड राहणार. नाही झाला तर मशीनं विकायची आणि बारा जणींनी पुन्हा लोकांच्या रानात खुरपायला जायचं. हैदराबादच्या एका कारखान्याचा नमुनाही रांगेत होता, तेव्हा दुसरी संधी मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता.

मग तिनं पिशव्या दाखवल्या. काय सांगू! पांढरंशुभ्र, न पेटणारं कापड, आत पातळ फोमचा थर, एका टोकाला चेन, बाजूला उचलायला सपाट पट्टा. चोवीस पिशव्या, सगळ्या एका मापाच्या. मी पट्टी मागून घेतली आणि चार पिशव्या मोजल्या. एका मिलिमीटरचा फरक निघाला तर मास्तरकी सोडीन म्हटलं, पण ती तर आधीच सुटलेली. शिवणीचे टाके इतके सारखे होते की मी बोट फिरवत बसलो. ज्या बायका हे शिवत होत्या त्यांतल्या निम्म्या जणींना सही करता येत नव्हती.

प्रत्येक पिशवीच्या चेनेकडच्या दोन कोपऱ्यांना चार-चार बोटं कापड बाहेर सोडून, दुमडून, पक्कं शिवलेलं होतं. मी विचारलं, हे काय? महानंदा म्हणाली, कान. पोत्याचं तोंड शिवताना दोन कोपरे असेच बाहेर ठेवतात, हमाल ते धरून पोतं पाठीवर घेतो. हैदराबादहून आलेल्या चित्रात कान नव्हते. पण चित्रात कान नकोत असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि सगळ्या बायकांना शिवण शिकवली होती अप्पांनी, ज्यांच्या मते कान नसलेलं पोतं म्हणजे पोतंच नव्हे, अर्धवट काम.

"सर, तुम्ही शास्त्राचे. ठीक हाय ना?" तिनं विचारलं.

आता, पस्तीस वर्षं ज्याला लोक 'सर, बरोबर आहे ना?' विचारत आले, त्याला 'मला माहीत नाही' म्हणायची सवय कुठून असणार? मी मान डोलावून ऐटीत म्हणालो, "उत्तम. कान ठेवलेत ते तर फारच उत्तम."

तिचा चेहरा उजळला. तिनं आत जाऊन बायकांना सांगितलंही, सर उत्तम म्हणाले म्हणून. मला त्या वेळी फार बरं वाटलं.

मुक्काम त्यांच्याकडेच होता. जेवायला ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुग्गी (गव्हाची खीर). वेळ अमावस्या नुकतीच होऊन गेलेली, तिला इकडे येळवस म्हणतात आणि त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवतं. मी ती चुकवली याचं अप्पांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी मुद्दाम भज्जी करायला लावली होती. भजी नव्हे, भज्जी. तुरीचे, वाटाण्याचे दाणे, पालेभाजी आणि बेसन घालून शिजवलेली ही पातळ भाजी मी तीन वेळा मागून घेतली. चौथ्यांदा अप्पांनी न विचारताच वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. पिकअप महानंदाच चालवत होती. पलीकडे खिडकीशी अप्पा, मधे मी, गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला. पिशव्या मागे धुतलेल्या चादरींत गुंडाळून ठेवलेल्या. लातूर मागे टाकलं, अहमदपूरच्या अलीकडे चहासाठी थांबायचा आग्रह मी धरला, आणि थांबलो तिथेच चाकात खिळा घुसला. आग्रह कुणाचा होता याची आठवण कुणी करून दिली नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

जादा चाक पिशव्यांच्या खाली अडकलेलं. पिशव्या जमिनीवर ठेवायला महानंदा तयार होईना. शेवटी चहावाल्यानं आपली खाट झटकून दिली, वर चादर अंथरली आणि चोवीस पिशव्या तिथे मांडल्या. चाक बदललं तिनंच. मी पाना धरायला गेलो तर म्हणाली, सर, तुम्ही चहा घ्या. चहावाल्यानं अप्पांना विचारलं, माल काय आणि कुठं चाललाय. अप्पा म्हणाले, पिशव्या, आभाळात जाऊन राहिल्यात. चहावाल्यानं पिशव्यांकडे बघितलं, वर बघितलं आणि तिथं बी बाजार भरतो का, असं विचारलं. अप्पा म्हणाले, भरंल. यापेक्षा नेमकं उत्तर मलाही देता आलं नसतं.

लोहा ओलांडून नांदेडला पोचायला अकरा वाजले. एमआयडीसीत एका उंच शेडपाशी मुक्ता वाट बघत होती. महानंदा आणि अप्पा पिशव्या उतरवायला थांबले आणि मुक्ता मला आत घेऊन गेली.

मी पुष्कळ देवळं पाहिली, धरणं पाहिली, पण त्या शेडमध्ये पाऊल टाकल्यावर जसा उभ्या जागी गप्प झालो तसा फार थोड्या ठिकाणी झालोय. पलीकडच्या भिंतीला अवकाशविमानाचा लाकडी नमुना होता, खऱ्याच्या निम्म्या मापाचा. पोट चपटं, पंख आखूड आणि वर वळलेले. त्याच्या शेजारी मालाचा डबा पुऱ्या मापाचा, अल्युमिनियमच्या सांगाड्याचा आणि प्लायवूडचा, आत शिरून उभं राहता येईल एवढा. आत दोन्ही बाजूंना कप्पे, कप्प्यांना जाळीची दारं. खरा डबा हैदराबादला बनत होता. हा फक्त मापासाठी आणि सरावासाठी. तरी मी त्याच्या कडेवरून हात फिरवला, आणि डोळ्यांत पाणी आलं. लपवलं नाही. मुलांना फळ्यावर खडूनं कक्षा काढून दाखवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि त्या कक्षेत जाणारी वस्तू नांदेडच्या एमआयडीसीत माझ्यासमोर उभी होती.

"विमान परत येतं," मुक्ता सांगत होती, "डबा नाही येत. सामान काढून झालं की स्थानकावरचा कचरा त्यात भरतात. उतरायच्या आधी विमान त्याला सोडून देतं. खाली येताना तो हवेत जळून जातो."

"पिशव्यांसकट?"

"बहुतेक सगळ्या. परत आणायला जागा कुठंय, काका?"

ते टाके, ती शिवण, त्या बारा बायका. सगळ्याची राख, तीही कुठल्या समुद्रावर पडेल कुणास ठाऊक. मी दाराकडे पाहिलं. महानंदा पिशव्या एकेक करून छातीशी धरून आणत होती. मी मुक्ताला म्हणालो, हे आत्ता तिला सांगू नकोस. ती म्हणाली, विचारलं तर सांगेन, आपणहून नाही.

परीक्षा सुरू झाली. पिशव्यांत ठरलेल्या वजनाचं सामान भरलं. वजन टांगून पट्टे ओढले, एक टाका हलला नाही. चेना शंभर वेळा उघडून मिटून पाहिल्या. मुक्ताची दोन माणसं कागदावर बरोबरच्या खुणा करत होती. मग पिशव्या कप्प्यात भरल्या. एका कप्प्यात चार, एकीवर एक, सगळ्यांची तोंडं दाराकडे, कारण तोंडाशी नावाची पट्टी होती आणि ती वाचता यायला हवी. चौथी पिशवी ठेवली, दार लावलं. दार लागेना. दोन बोटं फट राहिली. काढल्या, पुन्हा भरल्या. पुन्हा दोन बोटं.

मुक्तानं वाकून पाहिलं. "हे कोपरे," ती म्हणाली. "हे चित्रात नाहीत, महानंदाताई."

आमच्या सरांनी उत्तम म्हटलं होतं, एवढं वाक्य महानंदाला बोलता आलं असतं. ती फक्त पदराला हात पुसत राहिली. हे मला सहन होईना. मी म्हणालो, मुक्ता, चूक माझी आहे. तिनं मला विचारलं होतं आणि मी काही कळत नसताना शाबासकी दिली. मुक्ता म्हणाली, काका, कुणाची चूक आहे याला या कागदावर रकाना नाही. महानंदानं कात्री मागितली, कान कापून देते म्हणाली. तर तेही चालणार नव्हतं. आणलेला नमुना इथे बदलायचा नाही असा नियम. मुक्तानं पेन उघडलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिलाही ते लिहिणं जड जात होतं.

इतका वेळ अप्पा दारात उकिडवे बसले होते. ते उठले, चपला काढल्या, देवळात शिरावं तसे वाकून डब्यात शिरले आणि कप्प्यापुढे उभे राहिले.

"पोरी," ते मुक्ताला म्हणाले, "पिशवी चुकली न्हाई. थप्पी चुकली."

थप्पी म्हणजे पोत्यांची एकावर एक रचलेली रास. अप्पांनी मला बोलावून दाखवलं. भरलेली पिशवी कोपऱ्यात गोल होते, त्यामुळे पिशवीवर पिशवी ठेवली की कोपऱ्यापाशी पोकळी राहते. सगळ्यांची तोंडं एकीकडे केली तर एकाच पोकळीत वरच्या पिशवीचा कान आणि खालच्या पिशवीचा कान दोन्ही येतात, चेंगरतात आणि पिशवीला पुढे ढकलतात. लातूरच्या बाजारात कुठलाच हमाल अशी थप्पी लावत नाही. एक पोतं तोंड पुढे, दुसरं तोंड मागे. मग प्रत्येक पोकळीत एकच कान बसतो आणि थप्पी हलतही नाही. मी पस्तीस वर्षं घनफळ शिकवलं आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मुक्तानं पेन मिटलं. "लावून दाखवा," म्हणाली.

अप्पा आणि महानंदा दोघांनी मिळून लावली. अप्पा देत होते, ती घेत होती. एक तोंड पुढे, एक मागे, आणि प्रत्येक पिशवी ठेवल्यावर तळहाताचा एक दाब. चौथी पिशवी बसली. महानंदानं दार लावलं. कडी पडल्याचा आवाज शेडभर ऐकू आला. मुक्तानं सहाही कप्पे भरायला लावले. सहाच्या सहा दारं लागली. मग तिनं कप्प्याची चौकट तीन माणसांकडून गदागदा हलवली. मगाची थप्पी हलली असती, ही हलली नाही.

तिथे गोष्ट संपती तर बरं होतं. पण निम्म्या पिशव्यांची नावं आता मागच्या बाजूला गेली होती आणि वर काम करणाऱ्याला ती दिसणार नव्हती. मुक्ता विचारात पडली. मग तिनं स्वतःच जाड हातमोजे घातले, वर तसेच घालून काम करावं लागलं तर काय याचा हा सराव, आणि पिशव्या बाहेर काढू लागली. सपाट पट्टा हातमोज्यात येईना. कान मात्र लगेच हाताला लागत होता. तिनं सगळ्या पिशव्या काढल्या, कानाला धरूनच, उलट्या ठेवलेल्यांचे कान वरून मागे हात घालून, आणि कागदावर बराच वेळ लिहीत बसली.

लिहिलं ते असं. शिवण पास. मजबुती पास. कान राहू द्यावेत, ते चित्रात घ्यावेत अशी शिफारस. नावाची पट्टी दोन्ही टोकांना शिवून हाच नमुना चार दिवसांत पुन्हा पाठवावा, मग काम मुरुडला. चार दिवस म्हणजे संक्रांतीच्या आधी. महानंदानं कागद दोनदा वाचला, अप्पांना वाचून दाखवला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग ती शेडच्या बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आली.

जेवायला गुरुद्वाऱ्यात गेलो. लंगरच्या पंगतीत आम्ही चौघं मांडी घालून बसलो. डाळ, रोटी आणि खीर. शेजारी देगलूरचं एक कुटुंब होतं, ते आपसात तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत बोलत होतं. अप्पा त्यांना थप्पीचं सांगत होते, थोडं वाढवूनच. माझा घास मात्र तोंडात फिरत होता. महानंदा इतकी खुशीत मी पाहिली नव्हती, आणि ती ज्या पिशव्यांबद्दल बोलत होती त्यांचं काय होणार हे तिला माहीत नव्हतं. सांगावं की गप्प बसावं? एकदा काही न कळता शाबासकी देऊन मी तिला तोंडघशी पाडणार होतो. आता कळलेली गोष्ट लपवून परत जायचं, हे मला जमेना.

माझी गाडी दुपारची होती. महानंदा स्टेशनवर सोडायला आली, अप्पा पिकअपमध्ये पेंगत होते. गाडी सुटेपर्यंत थांबते म्हणाली. फलाटावर मी तिला सगळं सांगितलं. विमान परत येतं ते, डबा येत नाही ते, कचरा भरतात ते, आणि पिशव्या जळून जातात ते. इतकं चांगलं काम असं राख व्हावं याचं मला वाईट वाटतं, असंही म्हणालो.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "एक बी वापस येत न्हाई?"

"नाही."

"दर खेपेला?"

"दर खेपेला जळणार."

तिनं मान वळवून रुळांकडे पाहिलं. मला वाटलं, सांगायला नको होतं.

"सर," ती म्हणाली, "आमचा धंदा कशानं बसला? पोतं वापस यायचं, ठिगळ लावायचं, पुन्हा जायचं. नवं कुनाला लागतच न्हवतं. ह्या पिशव्या वापस येनार न्हाईत, म्हंजे दर खेपेला नव्या लागनार." आणि ती हसली, तोंडाला पदर न लावता, मोकळी हसली. "मग काम थांबतच न्हाई की!"

सबंध दुपार मी ज्या गोष्टीचं सुतक धरून बसलो होतो, ती तिच्यासाठी त्या दिवसातली सगळ्यात चांगली बातमी होती.

गाडीला उशीर असल्याचं भोंग्यावर सांगितलं. मी बाकावर बसलो. महानंदानं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जरा अवघडून म्हणाली की चोवीस पट्ट्या शिवायच्या आहेत, मुरुडला पोचायला अंधार पडेल. मी म्हटलं, जा. तिनं वाकून नमस्कार केला आणि पदर खोचून भराभरा निघाली. जिन्यावरच तिनं फोन लावला होता. मशीनं झाकू नका, मी येऊन राहिले, असं कुणाला तरी सांगताना तिचा आवाज फलाटभर ऐकू येत होता.

गाडीत खिडकीपाशी बसून मी लोहा-अहमदपूरच्या बाजूला बघत होतो. कक्षेत काय काय जातं हे मी इतकी वर्षं शिकवलं. ते शिवणारी बाई पास झाल्याचा कागद वाचून नळावर तोंड धुऊन येते, हे मला आत्ता कळलं. पुढच्या वेळी कुणी 'सर, ठीक आहे ना?' विचारलं तर आधी माहीत नाही म्हणायचं, असं ठरवलंय. गाडी सुटेपर्यंत थांबते म्हणाली होती, ती काही थांबली नाही. मला त्याचा फार आनंद झाला.